सात नंबरचा खल आणि त्याची पट्टी

मित्रांनो, मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला एक जुना खल आहे. चिनी मातीचा, पांढरा, बुडाला काळ्या रंगात सात आकडा. आपली गोष्ट सांगायला बसलेली जुनी भांडी आपण किती झिजलो नि किती सोसलं तेच सांगतात. तेही मी सांगणार आहे. पण आधी एक कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला मला पकडायची वेळ येणार नाही. मी जळकुकडा आहे. आयुष्यभर मी एका कागदाच्या पट्टीवर जळत आलो.

माझा जन्म कारखान्यातला. माती मळली, साच्यात दाबली, सुकवली आणि भट्टीत घातली. बाहेरून मला झिलई दिली, आतून मात्र मुद्दाम खरखरीत ठेवलं, कारण गुळगुळीत खलात पान नुसतं घसरतं, वाटलं जात नाही. जोडीला एक बत्ता दिला. भुश्शाने भरलेल्या खोक्यातून आम्ही बारा जोड्या शाळेत आलो, आणि आम्हाला बाहेर काढलं ते प्रयोगशाळेच्या काकांनी. काका म्हणजे तिथले सहायक. सगळी शाळा त्यांना काकाच म्हणे, मुख्याध्यापकसुद्धा. त्यांनी बारीक कुंचल्याने आमच्या बुडांवर आकडे घातले. मला हातात तोलून ते म्हणाले, "सात नंबर जरा वजनदार आहे." ही माझी पहिली स्तुती. पुढची कितीतरी वर्षं मला तेवढीच पुरवावी लागली.

आमचा मोठा प्रयोग म्हणजे पानातले रंग वेगळे करणं. तुमच्या वाट्याला तो अजून आला नसेल, म्हणून सांगतो. पान हिरवं दिसतं, पण त्यात एकटा हिरवा राहत नाही. पिवळेही त्याच्या आड दडून असतात. पालकाची पानं आणायची, शिरा काढून टाकायच्या, तुकडे माझ्या पोटात घालायचे. वर चिमूटभर वाळू आणि थोडं ॲसिटोन. मग बत्त्याने घोटत सुटायचं. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय घाबरायचं, असं लोक म्हणतात. मी तर उखळाच्याच कुळातला, मी माझं डोकं कुठे घालणार? दहा-दहा मिनिटं टोले खायचे, वाळूने अंग खरवडून घ्यायचं, ॲसिटोनच्या वासाने गुदमरायचं, तेव्हा कुठे तो गडद हिरवा रस तयार होतो. तो माझ्या चोचीतून गाळणीत ओतला की माझं काम संपतं आणि तिचं कौतुक सुरू होतं.

ती म्हणजे कागदाची पट्टी. वीतभर लांब, बोटभर रुंद. तिचे नखरे ऐका. तिला मधे बोट लावायचं नाही, कडेनेच धरायचं. तिच्यावर पेनाची रेघ चालत नाही, शिसपेन्सिलीचीच लागते. त्या रेघेवर केसासारख्या बारीक काचेच्या नळीने रसाचा एक थेंब ठेवायचा, तो वाळू द्यायचा, त्यावरच दुसरा, मग तिसरा. असे पंधरा-वीस थेंब. मग बाईसाहेबांना काचेच्या बरणीत टांगायचं, पायाचं टोक तेवढं द्रावकात बुडेल असं. झाकण लावायचं. हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही. मला मात्र कोणीही, कुठेही, कसंही धरावं.

द्रावक पट्टीवर चढू लागलं की ते थेंबातले रंग बरोबर घेऊन निघतं. सगळ्यात वर पळतो नारिंगी-पिवळा, त्याच्या मागे पिवळा, मग निळसर हिरवा, आणि शेवटी रेंगाळत येतो पिवळट हिरवा. चार पट्टे. सगळा वर्ग बरणीला नाकं लावून उभा असतो, आणि कोणीतरी हमखास "वा" म्हणतं. कोणाला म्हणतं? पट्टीला. तिने काय केलं? लटकली. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय. त्यानंतर तिला वाळवून जर्नलमध्ये चिकटवतात, शेजारी चारही रंगांची नावं लिहितात, बरणीची सुबक आकृती काढतात. मी इतकी वर्षं लक्ष ठेवून आहे. खलाची आकृती एकाही जर्नलमध्ये कोणी काढलेली नाही.

बत्ता समजूतदार आहे, त्याला कशाचंच काही वाटत नाही. मला वाटायचं. पट्ट्यांचं पाकीट कपाटात माझ्याच फळीवर असे, आणि ते ओलसर हवेने खराब झालं की मला बरं वाटे. हे चांगलं नाही हे मला कळत होतं, पण वाटायचं खरं.

माझ्या अंगावरची चीरसुद्धा तिच्यामुळेच पडली. एकदा बरणीत रंग चढताना बघायला मुलं एकावर एक रेलली, कोणाचं तरी कोपर लागलं आणि मी टेबलावरून खाली आलो. खाली पायपुसणं होतं म्हणून वाचलो. पण चोचीपासून पोटापर्यंत केसाएवढी चीर गेली. मी पडलो तेव्हा एकानेही मान वळवली नाही, कारण नेमका तेव्हाच नारिंगी पट्टा दिसू लागला होता. काकांनी मला उचललं, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बद्द वाजतोय. पण चालेल अजून."

ती चीर लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे तिचं काम आहे.

काही वर्षांनी एक मुलगी आली. वडील शिंपी, आणि अंगाने ही अगदी सडसडीत, म्हणून वर्गात तिचं नाव पडलं टाचणी. तिलाही ते आवडलं असावं, कारण ती हाकेला ओ देत असे. तिचे थेंब बघण्यासारखे असत. एकावर एक असे बसत की मोहरीएवढा ठिपका कधी वाटाण्याएवढा झाला नाही. टाचणी सातव्या टेबलावर बसे, म्हणून मी तिच्या वाट्याचा. वापरून झाल्यावर मला नळाखाली धरून चोचीत बोट घालून धुणारी तीच एक. पहिल्याच दिवशी तिने काकांना सांगितलं, "काका, सातला चीर आहे."

"असू दे. तुझ्या वडिलांची कात्री किती वर्षांची आहे?"

"माझ्याहून मोठी आहे."

"आणि कापते ना? मग झालं तर."

टाचणी हसली. मला वाटलं, आता हिची नजर तरी माझ्यावर राहील. पण रस गाळला की तिचेही डोळे बरणीवर. मी शेजारी हिरव्या चोथ्याने बरबटलेला बसे आणि आत धुमसत असे.

मग शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. टाचणीला झाडांचंच पुढे शिकायचं होतं. पण घरी एक ठरून गेलेलं होतं, ते ती मैत्रिणीला सांगत असताना मी ऐकलं होतं. यंदा पास झाली तर पुढचं शिक्षण, वर्ष गेलं तर वडिलांच्या शेजारच्या शिलाई मशीनवर बसायचं. थोरल्या बहिणीचं तसंच झालं होतं. आणि प्रात्यक्षिकात नापास म्हणजे विषयातच नापास.

त्या दिवशी दोन तुकड्या होत्या. सकाळच्या तुकडीत सातव्या टेबलावरच्या मुलाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वेगळं पान दिलं, व्हरांड्यातल्या कुंडीतलं, जांभळट लाल. त्याने ते माझ्यात घोटलं आणि मला तसाच टाकून गेला. रस चिरेत मुरला, चोचीखाली वाळला. एरवी काका प्रत्येक खल वाहत्या पाण्यात तीनदा धूत. पण परीक्षकांना पुढे दुसऱ्या शाळेत जायचं होतं. "दहा मिनिटांत दुसरी तुकडी बसवा," असं ते दोनदा म्हणाले. नळाची धार तर करंगळीएवढी. काकांनी बादली भरली, आम्हा बाराही जणांना तिच्यात बुचकळलं, फडक्याने पुसलं आणि टेबलांवर मांडलं. तीस वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदाच केलं.

दुपारी टाचणीने माझ्यात पालक घोटला. रस गाळला, रेघ मारली, थेंब ठेवले, पट्टी टांगली. वीस मिनिटांनी चार पट्टे आले, एकदम स्वच्छ. आणि पाचवा एक ठिपका आला. पेन्सिलीच्या रेघेवरच, लालसर गुलाबी. बाकीचे रंग वर निघून गेले तरी तो जागचा हलला नव्हता.

शेजारच्या मुलीने ते पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, पालकात लाल नसतं. खालून काप आणि वर नवी रेघ मार. कोणाला कळतंय?"

टाचणीच्या हाताशी कात्री होती. कात्री चालवणं तर तिच्या घरचंच. तिने पट्टीकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. "सगळी अंतरं या रेघेपासून मोजायची असतात. तिथून कापलं तर माप चुकेल." मग तिने उत्तरपत्रिकेत लिहिलं, की चार पट्टे दिसले आणि मूळ रेघेवर एक लाल ठिपका दिसला, त्याचं कारण माहीत नाही.

परीक्षक आले. त्यांनी पट्टी कडेने धरून उजेडात नेली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे?"

"माहीत नाही सर. आलं तसं लिहिलंय."

"पालकात हे येत नाही. मागच्या वर्षी एका ठिकाणी तीन मुलांनी स्केचपेनने पट्ट्या रंगवल्या होत्या. त्यांचंही म्हणणं हेच होतं, आपोआप आलं." त्यांनी पट्टी टेबलावर टाकली. "ही पट्टी खोटी आहे."

मित्रांनो, खरं सांगतो, ते शब्द ऐकले आणि मला आतून गार वाटलं. इतकी वर्षं वाट पाहिली होती. कोणीतरी तिला खोटी म्हणालं. नखरेल, लाडावलेली, जर्नलात मिरवणारी पट्टी टेबलावर उताणी पडली होती आणि तिच्याकडे बघून कोणी "वा" म्हणत नव्हतं. हेच हवं होतं मला.

मग परीक्षकांनी लाल पेन काढलं आणि टाचणीच्या उत्तरपत्रिकेवर लिहिलं, 'प्रयोग संशयास्पद.' गुणांची चौकट रिकामी ठेवली. टाचणी रडली नाही. तिने फक्त टेबलाची कड धरली, आणि तिची बोटं पांढरी पडली. माझा गारवा तिथेच संपला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. लाल रंग माझ्या चिरेतून आला होता. मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. जीवशास्त्राच्या बाई पुढे येऊन म्हणाल्या, "सर, ही मुलगी असं करणार नाही."

"बाई, सगळ्याच शाळांतल्या बाई असंच म्हणतात," परीक्षक म्हणाले. त्यांचंही काही अगदीच चूक नव्हतं.

काका दाराशी उभे होते. त्यांची नजर टेबलावरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी मला उचललं, उलटं करून आकडा पाहिला आणि चोचीखाली करंगळी फिरवली. करंगळी गुलाबी झाली. मला घेऊन ते मोरीपाशी गेले आणि त्यांनी नळ सोडला.

धार माझ्या काठापासून बोटभर अंतरावर पडत होती. काकांची नोकरी पाच महिने उरली होती. तीस वर्षांत त्यांच्या कामावर कोणी शेरा मारलेला नव्हता, आणि परीक्षकांची शेऱ्यांची वही टेबलावर उघडीच होती. एकदा मला त्या धारेखाली धरलं असतं, चोचीतून बोट फिरवलं असतं, की काका सुटले असते, मीही सुटलो असतो. अडकली असती ती टाचणी. ते किती वेळ उभे राहिले सांगता येत नाही. मला तो वेळ भट्टीतल्या रात्रीपेक्षा मोठा वाटला.

मग त्यांनी नळ बंद केला आणि मला घेऊन ते परत आले.

"सर, जरा थांबता का? सात नंबर मी नीट धुतला नव्हता. सकाळी याच्यात लाल पान होतं. गडबडीत बादलीत बुचकळून ठेवला. चूक माझी आहे, पोरीची नाही."

परीक्षकांनी घड्याळात पाहिलं. "तुम्ही म्हणता, पण मला दिसायला हवं."

"दाखवतो ना," काका म्हणाले.

त्यांनी माझ्यात काहीही घातलं नाही. पान नाही, पानाचा तुकडाही नाही. चिमूटभर वाळू आणि थोडं ॲसिटोन, बस. मग बत्त्याने मला घोटलं. रिकामाच घोटला गेलो मी. चिरेवर जास्त जोर दिला तेव्हा वाटलं, आता दोन तुकडे होणार. फिकट मळकट पाणी निघालं. बाईंनी नव्या पट्टीवर रेघ मारली. थेंब कोण ठेवणार? काका टाचणीकडे बघून म्हणाले, "बाळ, तुझा हात हलका आहे."

परीक्षकांच्या देखत तिने वीस थेंब ठेवले. एकही थेंब सरकला नाही. पट्टी बरणीत गेली, झाकण लागलं. सगळे भोवती उभे राहिले. आणि मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा बरणीत जे चढत होतं ते पानाचं नव्हतं. ते माझं होतं. वर एक पुसट पिवळा. खाली फिकट हिरवा. आणि रेघेवर बसून राहिलेला, न हलणारा लाल ठिपका, हुबेहूब तसाच.

परीक्षक वाकून बघत राहिले. नंतर नुसतं "हं" म्हणाले. उत्तरपत्रिकेवरचा शेरा त्यांनी एका रेघेने खोडला, शेजारी सही केली आणि चौकटीत गुण लिहिले. जाता जाता टाचणीला म्हणाले, "कारण माहीत नाही असं लिहिलंस, ते बरं केलंस." मग शेऱ्यांची वही ओढून लिहिलं, 'भांडी नीट धुतलेली नव्हती. यापुढे प्रयोगाआधी रिकाम्या खलाची पट्टी काढून पाहावी.' काकांनी ते वाचलं आणि वही मिटून जागेवर ठेवली.

टाचणी पास झाली. पुढे शिकायला गेली. निघताना येऊन तिने काकांना नमस्कार केला आणि मला टिचकी मारली. मी बद्द वाजलो.

माझी ती पट्टी बाईंनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, खाली लिहिलं 'नं. ७'. मग काय विचारता? अकरा खलांपुढे मी जो तोरा मिरवला, तो बत्त्यालाही सहन झाला नाही. जिच्यावर जन्मभर जळलो तिच्याच अंगावर माझे रंग होते. पण तोरा पंधरा दिवस टिकला. हिरवा आधी गेला, पिवळा त्याच्या मागोमाग. उरला एक तपकिरी डाग. तेव्हा कळलं, की जर्नलमधल्या पट्ट्यांचंही हेच होत असणार. मुलं पान उलटतात, आणि आत चिकटवलेलं सगळं गुपचूप फिकं होत राहतं. तिच्याबद्दल मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

पुढचे पाच महिने काका प्रत्येक प्रयोगाआधी आम्हा बाराही जणांची रिकामी पट्टी काढत. आधी पाण्याने, मग ॲसिटोनने धूत, माझ्या चिरेत दात घासायचा जुना ब्रश घालत. माझी पट्टी पहिल्यांदा पूर्ण पांढरी आली तेव्हा मी खट्टू झालो. तिच्यावर माझं काहीच नव्हतं. पण काकांनी ती उजेडात धरली, इकडून तिकडून पाहिली, आणि म्हणाले, "वा." कोऱ्या पट्टीकडे बघून. इतक्या वर्षांत तो शब्द पहिल्यांदा माझ्या वाट्याला आला होता.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. वापरलेलं भांडं ओलं असतानाच धुवा, चोचीखाली आणि चिरेत बोट घालून धुवा. आपण मागे ठेवलेला रंग आपल्याला भोवत नाही, आपल्यानंतर त्या टेबलावर बसणाऱ्याला भोवतो.

शेवटच्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी आले. कपाट पुसलं, बाकीचे खल जागेवर लावले आणि मला तेवढं टेबलावर ठेवलं. धुतलं, वाळू आणि ॲसिटोन घालून घोटलं, थेंब ठेवले, पट्टी टांगली. वीस मिनिटं स्टुलावर बसून राहिले. पट्टी पांढरीशुभ्र आली. ती वाळल्यावर त्यांनी कडेने धरून दुमडली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, दिवा बंद केला आणि गेले.

मी अजून इथेच आहे. आता रंगीत पट्ट्या बघून माझं काही होत नाही, खुशाल मिरवू द्या त्यांना. पण त्या एका कोऱ्या पट्टीवर मी अजून जळतो. ती काकांबरोबर घरी गेली.